आजी एक, दावेदार दोन

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येते शेत, दागिना, फार तर आजोबांचे नाक. परंतु आजीचा नुसता जन्म हाही वारसा ठरू शकतो, हे पाहायचे असेल तर वाचकांनी गोव्याकडे वळावे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता तेथून गेली. माणसे होती तिथेच राहिली. मग ती आता कोणत्या देशाची? भारत सरकारने मार्च १९६२ मध्ये आदेश काढला: जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे जन्मला, तो भारताचा नागरिक. नको असेल त्याने महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे. मोन्तेरो नावाच्या धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहणेच पसंत केले. पुढे वास्तव्याचा परवाना वाढवून न घेतल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली.

लिस्बनने भारताचे स्वामित्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस. मात्र १९७५ च्या हुकुमाने तेथील सरकारने जुन्या मुलुखात जन्मलेल्यांना, मागतील तर, आपले नागरिकत्व राखू दिले. तिथे धर्माचा प्रश्न नव्हता; जन्माचा होता. पोर्तुगीज आईबापांचे परदेशी जन्मलेले मूलही नोंदणीने पोर्तुगीज ठरते, म्हणून ही शिडी पायरीपायरीने चढावी लागते: आधी आजीचा जन्म लिस्बनच्या दप्तरात, मग बापाचा, मग आपला. जुन्या उताऱ्यात आजीचे नाव एक आणि सासरच्या कागदांत दुसरे निघाले, की पायरी अडलीच!

१९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात शिरला आणि या कागदाला मोल चढले. ब्रिटन त्या संघातून बाहेर पडेपर्यंत कितीतरी गोवेकर कुटुंबे इंग्लंडातील स्विंडन गावी जाऊन स्थिरावली. पण आपल्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते, की स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही. नातवाला पुढे परदेशस्थ भारतीयाचे कार्ड मिळू शकते; परंतु मताचा हक्क जातो, आणि नवी शेतजमीन विकत घेता येत नाही.

म्हणजे दिल्लीने आणि लिस्बनने पुरावा मागितला तो एकच. त्या एका नोंदीवरून नातवाला दोन देश मिळू शकतात, पण ठेवता येतो एकच. आणि जिच्या जन्मावर हा सारा दावा, ती आजी कदाचित आपल्या गावाची वेसही ओलांडून कधी गेली नसेल.