गोळी कुणाच्या सोयीची?

औषध देण्याचे पाच नियम नर्सिंगच्या वर्गात पाठच करून घेतात: माणूस बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर, वेळ बरोबर, देण्याची पद्धत बरोबर. अमेरिकेतल्या वृद्धांच्या नर्सिंग होम्सचा इतिहास वाचला आणि मला हे पाच अपुरे वाटू लागले. कारण पाचही पाळून माणसाला गुंगीत ठेवता येत होतं.

डिमेन्शिया झालेल्या आजी रात्री हिंडतात, ओरडतात, माणसं कमी. मग मानसिक आजारावरची औषधं सुरू व्हायची. वॉर्ड शांत, चार्टवर एकही चूक नाही.

१९८६मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने या संस्थांच्या दर्जावर बोट ठेवलं. २२ डिसेंबर १९८७ला रेगन यांनी कायद्यावर सही केली. शिस्तीसाठी किंवा सोयीसाठी औषधाने जखडलं न जाणं, हा रहिवाशाचा हक्क ठरला.

२००५मध्ये तिथल्या एफडीएने इशारा दिला: डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गटातल्या नव्या औषधांमुळे मृत्यूचं प्रमाण, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांच्या १.६ ते १.७ पट.

अनेक राज्यांत गोळ्यांची ट्रॉली प्रशिक्षित मदतनीस फिरवतात. डोस ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही. पण काल गप्पा मारणाऱ्या आजी आज मान टाकून बसल्यात, हे आधी त्यांनाच दिसतं. ते लिहून ठेवणं, नर्सच्या कानावर घालणं, हेही औषध देणंच आहे.

म्हणून माझ्या यादीत सहावा नियम आहे: गोळी कशासाठी, आणि कुणासाठी, हे विचारायचं.