ऑनलाइन प्रतिबंध कार्यक्रम : विद्यार्थ्यांचे मद्यपान व लैंगिक अपाय

धोकादायक मद्यपान आणि त्याच्या जोडीने घडणारे लैंगिक अपाय टळावेत म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संगणकावर किंवा मोबाइलवर दिले जाणारे प्रशिक्षण. अत्याचार दारू करत नाही, माणूस करतो. पण दारूचा त्याला आडोसा मिळतो, सोबतच्यांचे भान सुटते आणि जिच्यावर प्रसंग ओढवला ती तक्रारीला कचरते. म्हणून हे दोन विषय एकत्रच शिकवायला हवेत.

सुरुवात बहुधा जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या दहा प्रश्नांच्या चाचणीने होते. गुण ० ते ४०. ८ किंवा अधिक गुण ही धोक्याची खूण. उत्तरे देताच विद्यार्थ्याला स्वतःचे पिणे आणि इतरांचे प्रत्यक्षातले पिणे शेजारी-शेजारी दिसते. ‘सगळेच पितात’ हा समज मोडण्यावर या पद्धतीची भिस्त आहे. भारतात तर तो अगदीच पोकळ ठरतो : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ वर्षांवरील पुरुषांत सुमारे १९ टक्के, तर स्त्रियांत सुमारे १ टक्का मद्य घेणारे आढळले. पुढे मापे येतात, आणि इथे वाइनचा पेला दाखवून भागत नाही. ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो, १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६०, आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या वर. ‘फक्त बिअर घेतली’ म्हणणारा मुलगा चार पेग घेऊन बसलेला असतो.

लैंगिक अपायांच्या बाजूने अमेरिकेतील ‘रिअलकन्सेंट’ हा मुलांसाठीचा कार्यक्रम महत्त्वाचा. अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा भाग. संमती म्हणजे काय आणि मित्र चुकीच्या वाटेने निघाला तर मध्ये कसे पडायचे, हे त्यात शिकवतात. त्याचेच व्हिएतनामी रूप हनोईतील दोन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या मुलांवर तपासले गेले. आशियाई समाजात असा कार्यक्रम स्थानिक बोलीत आणि प्रसंगांत नव्याने रचता येतो, हे त्याने दाखवले. भारतात दिल्लीच्या एम्सने जागतिक आरोग्य संघटनेसह मद्यपानावरील ऑनलाइन स्वमदत कार्यक्रम उभारला. बेलारूस, ब्राझील व मेक्सिकोसह झालेल्या चाचणीत तो वापरणाऱ्यांचे ‘ऑडिट’ गुण घटले. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून चारपर्यंत बैठकांत मद्यपान घटवण्याचे काम करवून घेतले. ते ऑनलाइन नव्हते, पण मराठी-कोकणी मुलखातला हा भरीव अनुभव आहे.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. म्हणजे इथला बहुतेक विद्यार्थी पितो तेव्हा लपूनच पितो, आणि त्या रात्री काही विपरीत घडले तर गप्प राहतो. पहिल्याच पडद्यावर स्पष्ट सांगायला हवे : पीडितेने मद्य घेतले होते म्हणून गुन्हा पुसला जात नाही. नशेमुळे कृत्याचे स्वरूप व परिणाम समजू न शकणाऱ्या स्त्रीची संमती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती ठरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे.

न्हावा शेवा परिसरात हा प्रश्न वेगळा आकार घेतो. १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदराच्या शेजारी, न्हावा येथे, १९१० मध्ये स्थापन झालेली ‘ट्रेनिंग शिप रहमान’ ही नाविक प्रशिक्षण संस्था आहे. वसतिगृहातून थेट जहाजावर जाणाऱ्या कॅडेटला घरही तिथेच आणि कामही तिथेच. रागावून निघून जायला वाट नसते. जहाजावर कर्तव्यावर असताना रक्तातील मद्यार्काची कमाल मर्यादा ०.०५ टक्के आहे. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून नाविकांच्या मूलभूत प्रशिक्षणात लैंगिक छळ व हल्ल्याचा प्रतिबंध आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आला आहे. मद्य आणि छळ हे दोन्ही धडे आता अभ्यासक्रमात आहेत. ते एकत्र शिकवणे एवढेच करायचे आहे. मात्र ‘ऑडिट’ची उत्तरे प्राचार्य, प्रायोजक कंपनी वा वैद्यकीय तपासनीस यांच्यापर्यंत पोचणार नाहीत अशी तांत्रिक तजवीज आधी हवी. नाहीतर नोकरी हातची जाईल या भीतीने कॅडेट शून्य गुण भरून मोकळा होईल, आणि त्यावर दिलेला सल्ला मग कोणाच्याच कामाचा राहणार नाही.