आठ दिवसांची उधारी, तीस मिनिटांची हमी

पिझ्झावरचा एक जुना विनोद तुम्ही ऐकला असेलच. पदार्थ गोल, येतो चौकोनी खोक्यात आणि खायचा त्रिकोणी! हसून सोडून द्यायचा विनोद आहे खरा, पण या तीन आकारांच्या मागे लागलं की बऱ्याच गोष्टी हाती लागतात. गोल आकार करणाऱ्याचा. पिठाचा गोळा हाताने थापत, ताणत नेला की तो गोलच होतो, आपल्या भाकरीसारखा. त्रिकोण खाणाऱ्यांचा. मधून सुरी फिरवून सारखे वाटे केले की कोपरे येणारच. आणि चौकोन आणून देणाऱ्याचा. पुठ्ठ्याचा एकच तुकडा कापून घड्या घातल्या की खोका तयार, आणि तोवर शेकडो खोके सपाट रचून ठेवता येतात. गोल डब्यात ही सोय नाही. पहिल्या दोघांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला आज बोलायचंय ते या तिसऱ्याबद्दल.

सुरुवात अर्थात नेपल्सपासून. एकोणिसाव्या शतकातलं नेपल्स म्हणजे दाट वस्तीचं बंदर. एकेका खोलीत अख्खं कुटुंब, स्वयंपाकाला धड जागा नाही. हातावर पोट असलेल्या या माणसांचं रोजचं खाणं म्हणजे पिझ्झा. तोही टेबलखुर्चीवर बसून नाही, रस्त्यात उभ्या उभ्या. भट्टीवरून पोरं डोक्यावर धातूचा झाकणवाला गोल डबा घेऊन निघायची. त्या डब्याला 'स्तूफा' म्हणत. गल्लोगल्ली हाका घालायच्या आणि गिऱ्हाईक जेवढे पैसे देईल तेवढा तुकडा कापून द्यायचा. अख्खा घेतला तर त्याची चौपदरी घडी घालून चालता चालता खायचा. या घडीला तिथे 'पाकीट' म्हणतात. ताट नको, सुरी नको, काही नको.

'थ्री मस्केटिअर्स' लिहिणारा फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमा १८३५ साली नेपल्सला होता. १८४३ मध्ये आलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने लिहून ठेवलंय की इथला गरीब माणूस उन्हाळ्यात कलिंगडावर आणि हिवाळ्यात पिझ्झावर जगतो. तेल, चरबी, चीज, टोमॅटो, बारीक मासळी असे पिझ्झाचे प्रकार सांगून तो म्हणतो की पिझ्झाच्या भावावरून बाजाराचा अंदाज घ्यावा. मासळी मुबलक आली की मासळीचा पिझ्झा स्वस्त, नाही आली की महाग. सगळं बारकाईने पाहिलं गड्याने, पण एका ठिकाणी त्याची गंमत झाली. 'पिझ्झा आ ओत्तो', म्हणजे आठाचा पिझ्झा, हे शब्द त्याच्या कानावर पडले. त्याने अर्थ लावला, आठ दिवसांपूर्वी भाजलेला शिळा पिझ्झा!

नेपल्सची माणसं त्याचा अर्थ वेगळा सांगतात. आज खा, पैसे आठ दिवसांनी द्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, शहर बाँबहल्ल्यांनी खिळखिळं झालेलं असताना, बायका घराच्या दारातच कढई मांडून तळलेला पिझ्झा विकायच्या, तो असाच उधारीवर. व्हित्तोरिओ दे सिका याच्या १९५४ सालच्या 'लोरो दि नापोली' या चित्रपटात सोफिया लॉरेनने अशीच एक पिझ्झावाली रंगवलीय. आपल्याकडच्या दुकानांतली 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आठवा आणि त्याच्या शेजारी ही ठेवून बघा. इथे थांबायचं विकणाऱ्याने. पोट आज भरायचं, हिशोब पुढच्या आठवड्यात.

या रस्त्यावरच्या खाण्याला प्रतिष्ठा मिळाली ती १८८९ साली, असं सांगतात. राणी मार्गेरिता नेपल्सला आली असताना राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झावाल्याने तिच्यासाठी तीन प्रकार केले. त्यातला टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीतल्या बेसिलचा तिला आवडला, म्हणून त्याचं नाव 'मार्गेरिता'. राजवाड्याकडून आलेलं ११ जून १८८९ तारखेचं आभाराचं पत्र आजही दुकानात लावलेलं आहे. अलीकडे इतिहासकारांनी या पत्राच्या खरेपणावर शंका घेतली आहे, आणि अशा जिनसा घातलेला पिझ्झा नेपल्समध्ये त्याच्या आधीही होत होता. पण मला या गोष्टीतलं वेगळंच काही खटकतं. राणीला पिझ्झा राजवाड्यात मिळाला, याला काही लोक कौतुकाने 'जगातली पहिली होम डिलिव्हरी' म्हणतात. आणि डोक्यावर स्तूफा घेऊन वर्षानुवर्षं गल्ल्या तुडवणारी ती पोरं? ती कुठल्या मोजणीत?

बाकीच्या इटलीने तेव्हा पिझ्झाला फारसं जवळ केलं नव्हतं. मातिल्दे सेराओ या लेखिकेने १८८४ मध्ये लिहिलंय की एका नेपल्सकराने रोममध्ये पिझ्झाचं दुकान काढलं. गावची माणसं आधी गर्दीने आली, मग पांगली आणि दुकान बसलं. आपलं शहर सोडून गेल्यावर पिझ्झाला ती चव राहिली नाही, असं तिचं म्हणणं. पुढे तो जगभर गेला, पण जिथे गेला तिथला आकार घेऊन. रोममध्ये लांबट आयताकृती, कात्रीने कापून वजनावर विकायचा. सिसिलीत जाड, पावासारखा. शिकागोत १९४३ मध्ये 'पिझ्झेरिया उनो'ने केकच्या भांड्यासारख्या खोल भांड्यात तो केला. डेट्रॉइटमध्ये १९४६ साली 'बडीज' नावाच्या बारमध्ये तो चौकोनी झाला, कारण मोटार कारखान्यांत सुटे भाग ठेवायचे पोलादी ट्रे तिथे सहज मिळायचे, असं सांगतात.

प्रत्येक आकाराबरोबर वेळही बदलत गेला, बघा. नेपल्सचा पातळ पिझ्झा धगधगत्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत होतो. शिकागोच्या त्या खोल पिझ्झाला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून त्यात चीज खाली आणि सॉस वर, नाहीतर चीज करपेल. ज्याला शिकागोचा पिझ्झा हवा तो मुकाट वाट बघतो.

आता त्या चौकोनी खोक्याकडे येऊ. १९६० साली मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात टॉम आणि जेम्स मोनाहन या भावांनी 'डॉमिनिक्स' नावाचं छोटं दुकान विकत घेतलं. वर्षभरात जेम्सने आपला वाटा एका जुन्या फोक्सवॅगनच्या बदल्यात सोडून दिला! टॉमने १९६५ मध्ये दुकानाचं नाव 'डॉमिनोज' ठेवलं. आजूबाजूला कॉलेजची पोरं, होस्टेलवर राहणारी, रात्री उशिरा भूक लागणारी. त्यांच्यापर्यंत गरम पिझ्झा पोचवायचा हाच धंदा. त्यासाठी नालीदार पुठ्ठ्याचा भक्कम खोका हवा होता, तो आला. वाफेने मऊ होऊन झाकण चीजला चिकटतं, म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेला व्हिताले या बाईंनी मधोमध ठेवायची प्लास्टिकची चिमुकली तिवई काढली, १९८५ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. आपल्याकडे लहान मुली भातुकलीत घेतात ना, तीच ती.

आणि मग आली ती हमी. अर्ध्या तासात पिझ्झा, नाहीतर फुकट. १९७० आणि ८०च्या दशकांत या एका वाक्यावर कंपनी कुठल्या कुठे गेली. कंपनीचं म्हणणं असं की वेळ आम्ही स्वयंपाकघरात वाचवतो, रस्त्यावर नाही. पण ओव्हनमधून बाहेर आल्यावर उरलेली मिनिटं शेवटी गाडी चालवणाऱ्या पोराच्याच वाट्याला यायची. अपघात झाले, माणसं गेली, खटले उभे राहिले. १९८९ मध्ये सेंट लुईसला डिलिव्हरीच्या गाडीने लाल सिग्नल तोडून एका बाईला जखमी केलं होतं. डिसेंबर १९९३ मध्ये ज्युरीने तिला ७.८ कोटी डॉलरहून जास्त भरपाई देऊ केली. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने अमेरिकेतली ही हमी मागे घेतली.

आपल्याकडे डॉमिनोज आणि पिझ्झा हट दोन्ही १९९६ मध्ये आले, पहिलं दिल्लीत आणि दुसरं बंगलोरला. त्याआधी पिझ्झा म्हणजे बेकरीतून आणलेला तयार बेस, त्यावर सिमला मिरची, सॉस, किसलेलं अमूल चीज आणि तव्यावर झाकण ठेवून वाफ. आता तो दारात यायला लागला. तीस मिनिटांची ती हमीसुद्धा आली, तीही तिकडे बंद झालेली असताना. आपण घड्याळ लावून बसलो. एकतिसाव्या मिनिटाला बेल वाजावी अशी मनातून इच्छा धरणारी घरं काही कमी नसतील! २०१४ मध्ये मुंबईतल्या एका पिझ्झावाल्याने तर ड्रोनने पिझ्झा पाठवून दाखवला, तेव्हा आधी आठवलं ते ट्रॅफिक आणि मग आठवले पोलीस. २०२० नंतर तर किराणासुद्धा दहा मिनिटांत आणायच्या जाहिराती आल्या.

जेवण पोचवणं ही गोष्ट मुंबईला नवीन नव्हतीच. १८९० पासून डबेवाले ते करत आलेत, तेही डोक्यावर पाटी घेऊन, त्या नेपल्सच्या पोरांसारखे. त्यांचीही वेळ ठरलेली, पण ती जेवणाच्या सुट्टीची, लोकलच्या वेळापत्रकात बसवलेली. डबा भरणारी बाई, डबेवाला आणि ऑफिसातला माणूस तिघांना ती आधीपासून माहीत. ऑर्डर आली की पळा, असं तिथे नाही.

नेपल्समध्ये पिझ्झावाला पैशांसाठी आठ दिवस थांबायला तयार होता, कारण समोरचा गरीब आहे हे त्याला ठाऊक होतं. आता आपण पैसे आधीच भरतो आणि अर्धा तास थांबायला कुरकुरतो. मधल्या काळात पिझ्झा फारसा बदलला नाही, पीठ, टोमॅटो आणि चीजच आहे. बदललं ते एवढंच की ज्याच्याकडे कमी आहे त्याच्यासाठी कोणी थांबत नाही, त्यानेच पळायचं. तो पावसात, खड्ड्यांतून, पाठीवर खोक्यांची बॅग घेऊन येतो आणि तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद असते.

पिझ्झा मागवू नका असं मी म्हणणार नाही, मीही मागवतो. पण उशीर झाला तर नुकसान किती, याचा एकदा हिशोब करून बघा. पिझ्झा गार होतो, बस. तवा आपल्या घरात असतोच की. दोन मिनिटं झाकण ठेवलं की चीज पुन्हा वितळतं.