झाकलेले पातेले

आमच्या घरी १९७९च्या ईदचा एक फोटो आहे. शेजारच्या काकांनी काढलेला, कृष्णधवल, कडेने पिवळा पडलेला. अम्मी चुलीपाशी बसली आहे, समोर पातेले, झाकणावर निखारे. पदार्थ काही दिसत नाही. तरी फोटो हातात घेतला की माझ्या तोंडाला पाणी सुटते. असे का व्हावे, हे शोधता शोधता मी खाण्याच्या छायाचित्रांच्या इतिहासात शिरलो.

हा इतिहास जवळजवळ फोटोग्राफीइतकाच जुना. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागाने काढले. त्यातले चोविसावे, शेवटचे छायाचित्र फळांच्या टोपल्यांचे. त्यात अननसही आहे, तेव्हा तिकडे श्रीमंतांच्याच टेबलावर दिसणारा. रंग मात्र नाहीत, नुसत्या तपकिरी छटा.

मला खरी भुरळ घातली ती एडवर्ड वेस्टन यांच्या ढोबळ्या मिरचीने. कॅलिफोर्नियात ऑगस्ट १९३०मध्ये त्यांनी एक मिरची पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली. आतल्या पत्र्यावरून परतलेला उजेड तिच्या वळणावळणांवर पसरला. 'पेपर नंबर ३०' या नावाने ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. एखाद्या पाठमोऱ्या माणसाची घामेजलेली पाठच वाटते ती! बघता बघता बोटे पुढे होतात. (आम्हा कवींना अशी एक मिरची साधली तरी पुष्कळ.)

जाहिरातवाल्यांना एवढा धीर कुठला? अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत भाज्या तळाशी बसत, म्हणून वाडग्यात काचेच्या गोट्या टाकल्या गेल्या. भाज्या वर आल्या, सूप भरगच्च दिसू लागले. प्रकरण फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेले आणि १९७०मध्ये कंपनीला हा प्रकार थांबवण्याचे मान्य करावे लागले. भुकेल्या डोळ्यांची फसवणूक मला इतर फसवणुकींहून वाईट वाटते.

अम्मी गेल्या वर्षी गेली. तिच्या हाताची चव कुठे लिहून ठेवलेली नाही. परवा तो फोटो घेऊन आपाकडे गेलो. म्हटले, "आपा, त्या पातेल्यात बिर्याणी होती ना?"

"वेड्या, जर्दा होता. केशराचा वास येत नाही का तुला?" असे म्हणत आपाने फोटो नाकाशी नेला.