दोन घोडे आणि एक भोक

तळोज्याची एमआयडीसी पनवेलकरांच्या उंबऱ्याशीच, त्यामुळे लेथ, ड्रिल, रीमर हे शब्द आमच्या कानावरचे. पण धातूत अचूक भोक पाडण्याचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही.

जेम्स वॅटने इंजिनाचं पेटंट १७६९ मध्ये घेतलं, तरी घोडं अडलं सिलिंडरपाशी. भोक वेडंवाकडं, दट्ट्याच्या कडेने वाफ निसटायची. मग जॉन विल्किन्सनने कोरणाऱ्या दांड्याला दोन्ही टोकांना आधार दिला आणि १७७६ मध्ये वॅटची इंजिनं कामाला लागली. ताकद पाणचक्कीचीच, थरथर तेवढी थांबली.

उलटं उदाहरण रमफोर्डचं. म्युनिकमध्ये त्याने मुद्दाम बोथट हत्यार पितळी तोफेच्या धातूवर दाबलं आणि घोड्यांकरवी फिरवलं. कीस जेमतेम निघाला, पण अडीच तासांत भोवतीचं पाणी उकळलं! उष्णता म्हणजे गती, हा त्याचा १७९८ चा निष्कर्ष. कारागिराने घ्यायचा धडा वेगळा: हत्यार बोथट असेल तर ताकद तापण्यात जाते.

स्टेनलेस स्टीलमध्ये तर घासलेला पृष्ठभाग आणखी कडक होतो. २० मिलिमीटरच्या एच-७ भोकाला सूट फक्त २१ मायक्रॉनची. म्हणून लहान मशीनवर आधी छोटं ड्रिल, मग बोअरिंग, शेवटी मंद गतीने, भरपूर तेल देत रीमर.

भाचा जुना, एक हॉर्सपॉवरचा लेथ घेतोय. घरचे म्हणतात, एवढ्याशाने काय होणार? वेळ जास्त लागेल, हे खरं. पण धार आणि धीर असेल, तर भोक नेमकंच पडेल.