पाळवणकर बाळू व पुण्याचें मैदान

खेळाचा इतिहास म्हणजे धांवांचा व बळींचा जमाखर्च, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. पाळवणकर बाळू यांचें चरित्र ती खोटी ठरवितें. १८७६ सालीं धारवाड येथें एका चांभार कुटुंबांत जन्मलेल्या या मुलाचें क्रिकेटचें शिक्षण पुण्यांत झालें, तें मैदान झाडतां झाडतां. प्रथम एका पारशी क्लबांत व १८९२ पासून गोऱ्यांच्या पूना क्लबांत दरमहा चार रुपयांवर तो खेळपट्टीवर रूळ फिरवी. तेथें जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज सरावासाठीं त्याच्याकडून गोलंदाजी करवून घेई. या चाकरींतूनच बाळूंची डावखोरी मंदगति गोलंदाजी तयार झाली.

पुण्याच्या हिंदु क्लबास गोऱ्यांना हरवावयाचें होतें. त्यासाठीं बाळूंवांचून गत्यंतर नव्हतें. बऱ्याच वादानंतर त्यांना संघांत घेण्यांत आलें. परंतु विश्रांतीच्या वेळीं त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांतून. चेंडू एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातीं जाई, त्याचा विटाळ कोणास झाला नाहीं. तो चहाच्या पेल्यासच तेवढा झाला! इंग्लंडांतहि हौशी व व्यावसायिक खेळाडूंमधील भेद १९६२ पर्यंत टिकला. पण धंदा सोडतां येतो, जन्म सोडतां येत नाहीं.

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईस गेले. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धांवांनीं हरविलें, त्या विजयांत त्यांचा वाटा मोठा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांबरोबर इंग्लंडास गेलेला संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनीं मात्र ११४ बळी घेतले. तरीहि हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. १९२० सालीं त्यांच्या बंधूंनीं निषेध म्हणून संघांतून अंग काढून घेतलें, तेव्हां कोठें बाळू उपकर्णधार झाले. कर्णधारपद त्या घरांत आलें तें १९२३ सालीं, धाकटे बंधु विठ्ठल यांच्या रूपानें.

हे सारें सोसलेला मनुष्य राजकारणांत मात्र संयुक्त मतदारसंघाचा पक्षपाती राहिला. १९३२ च्या पुणें करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ सालीं मुंबईंत ते काँग्रेसतर्फे प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५. त्यांना कोणाच्या हातचें बाहुलें म्हणून मोकळें होणें अन्यायाचें आहे. एकत्र खेळल्यानें भिंती थोड्याफार खचतात, हें त्यांनीं स्वतः अनुभविलें होतें, व त्या अनुभवावर त्यांची श्रद्धा होती.

परंतु त्यांच्याच चरित्राची साक्ष काढावयाची, तर ती दुसऱ्या बाजूस जाते. वीस वर्षांहून अधिक काळ बळी घेऊन जें मिळालें नाहीं, तें बंधूंनीं खेळण्याचें नाकारतांच पदरांत पडलें. गुणांची कदर समाजानें केली, पण गरजेपुरती. अधिकार दिला तो अडवणूक झाल्यावरच. १९५५ सालीं बाळू निवर्तले. त्यांच्या बळींची संख्या कौतुकानें सांगतांना, तो मंडपाबाहेरचा पेला आपल्याच पूर्वजांनीं पुढें केला होता, एवढें पुणेकरांनीं तरी विसरूं नये.