कोंडवाडा कुठे असावा?



कोंडवाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पडकी भिंत, आत चिखल आणि शेजारी गावाचा उकिरडा. पूर्वी उकिरड्यात शेण-पाचोळा असायचा, त्याचं खत व्हायचं. आता तिथे प्लास्टिक, बॅटरीचे सेल, औषधांच्या बाटल्या असतात. कोंडलेली जनावरं तेच चघळतात. पावसात ते पाणी ओढ्याला लागतं, ओढ्यावरून विहिरीत उतरतं. जागा बदलायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आधी रस्ता करा, जनावरांवर कसला खर्च?" म्हणून आज थोडा इतिहास पाहू.

इंग्रजांनी १८७१ साली जनावरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडायचं, दंड आणि चारापाण्याचा खर्च भरला की सोडायचं. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचं, दवंडी द्यायची, आणखी सात दिवसांनी लिलाव. कोंडवाडे कुठे असावेत, हे जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट ठरवायचा. गावाला कोण विचारतो! तरी एक गोष्ट त्या कायद्यातही होती: कोंडलेल्या जनावराला चारा-पाणी देणं ही रखवालदाराची जबाबदारी.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत मोठा प्रश्न आला. दाट वस्तीत म्हशींचे गोठे होते, शेण-मूत्र गटारात जायचं. तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने सरकारने १९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत उभारली. गोठे, पाणी, चारा यांची सोय सरकारी पैशातून झाली आणि हजारो म्हशी तिकडे गेल्या. म्हणजे जनावरांची जागा बदलणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम आहे, हे सरकारनेच मान्य केलं. पण त्या जागेत आदिवासींचे पाडे आधीपासून होते. एकाची घाण काढताना दुसऱ्याच्या दारात काय जातं, हेही पाहायला हवं. आपल्याच जिल्ह्यात पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला आणि तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने कोंडवाड्याचा कारभार पंचायतीकडे आला. जे मॅजिस्ट्रेट ठरवायचा, ते आता आपण निवडून दिलेली माणसं ठरवतात. पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतीच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधून दिला. उकिरडा साफ करणं, सांडपाणी अडवणं ही स्वच्छतेचीच कामं आहेत.

किकवी हे हमरस्त्यावरचं गाव. मोकाट जनावर रस्त्यावर आलं तर अपघात, उकिरड्याशेजारी कोंडलं तर रोग. दूध काढणाऱ्या आपण, शेण उचलणाऱ्या आपण, पाणी भरणाऱ्याही आपणच. मग जागा ठरताना आपण गप्प का?

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे तीन प्रश्न विचारू या. नवी जागा विहिरीपासून आणि ओढ्यापासून किती लांब आहे? चारा-पाण्याला दरवर्षी पैसा कुठून येणार? आणि जुन्या जागेवरचा कचरा कोण काढणार? तिसरा प्रश्न विसरू नका. जनावरं हलली तरी कचरा तिथेच राहिला, तर विहिरीचं पाणी सुधारणार नाही. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि मगच सही करा.